ठळक नाडी

भिक्षूंचा पावसाळ्यातला मुक्काम, म्हणजे वर्षावास, संपून अकरा दिवस झाले होते. विहारात रोजच्यासारखीच सकाळ होती. कुणी अंगण झाडत होते, कुणी विहिरीवरून पाणी आणत होते. दोघे-तिघे भिक्षू दोरीवर ओली चीवरे पसरत होते आणि वाऱ्याने ती उडू नयेत म्हणून टोके गाठीने बांधत होते. त्याच वेळी सुदंत नावाचा भिक्षू फाटकातून आत आला. त्याचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखले होते. त्याने पात्र खाली ठेवले, पाणी मागितले, ते सावकाश पिऊन संपवले आणि मग म्हणाला, "उत्तिय गेला."

उत्तिय सीमेवरच्या छोट्या विहारात राहत असे. त्या भागात साथ आली होती, आणि गावकऱ्यांची व भिक्षूंची शुश्रूषा त्याने अंगावर घेतली होती.

"तीन महिने त्याने जमिनीला पाठ टेकली नाही," सुदंत सांगू लागला. "भिक्षेत मिळालेले रुग्णांना भरवायचा. आपण कधी जेवतो ते कुणाला दिसले नाही. शेवटी एका म्हाताऱ्याच्या उशाशी बसल्या बसल्याच गेला. आम्हांला वाटले, बसल्या जागी डोळा लागला आहे. म्हणून आम्ही त्याला हलवले नाही."

बातमी विहारभर पसरली. भिक्षू सभागृहात जमले. पुष्कळांनी उत्तियाची स्तुती केली. कप्पक नावाचा तरुण भिक्षू उठून म्हणाला, "मरण यावे तर असे. मी उद्याच तिकडे निघतो. उत्तियाने केले त्याच्या दुप्पट करीन."

"परवा दोन घडे पाणी आणताना तुला धाप लागली होती," शेजारचा भिक्षू म्हणाला.

"तेव्हा मनात निश्चय नव्हता. आता आहे."

इतक्यात शास्ते, म्हणजे सर्वांचे गुरू, आत आले. आपापसांत काय बोलणे चालले आहे, असे त्यांनी विचारले. भिक्षूंनी सर्व सांगितले. शास्ते आसनावर बसले. मग म्हणाले, "उत्तिय या वाटेने पहिल्यांदाच गेला असे नाही. पूर्वीही एकदा तो निघाला होता." आणि त्यांनी पूर्वजन्मी घडून गेलेली हकिकत सांगितली.

फार पूर्वी कर्णिका नदीच्या काठी तीर्थपुर नावाचे नगर होते आणि तिथे अरिमर्दन राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व त्या नगरातल्या एका वैद्यकुळात जन्मला. त्याला रोहक नावाचा बारा वर्षांनी लहान भाऊ होता. आईवडील लवकर गेल्यामुळे रोहकाला त्यानेच वाढवले आणि आपली विद्या शिकवली. उत्तर वेशीबाहेर त्यांची आरोग्यशाळा होती. तिथे पाटला नावाची एक वयस्कर बाई काढे उकळणे आणि पेज करणे ही कामे पाहत असे. दोघे भाऊ तिला मावशी म्हणत, आणि ती दोघांनाही, वेळ पडेल तशी, माया करी किंवा रागे भरी.

त्या कुळात एक रीत होती. सकाळी रुग्णांकडे जाण्याआधी वैद्याने आपले मनगट दुसऱ्या वैद्यापुढे धरायचे आणि त्याच्याकडून आपली नाडी पाहून घ्यायची. ती शांत असेल तरच त्या दिवशी रुग्णांच्या नाडीला हात लावायचा. याचे कारण असे की, वैद्याचे स्वतःचे रक्त खवळलेले असले म्हणजे ते त्याच्याच बोटांच्या टोकांत उडू लागते. मग त्याने कुणाच्याही मनगटावर बोटे ठेवली तरी त्याला आपलीच नाडी लागते, आणि ती आपली आहे हे त्याला कळत नाही.

एका वर्षी, पाऊस ओसरल्यावर, दोघे भाऊ अंगणात चटईवर हिरडे वाळत घालत होते. तेव्हा केवल नावाचा नावाडी, ज्याला सगळे केवलनावाडी म्हणत, नदीवरून वर आला. कुंभारआळीत चार घरांत ताप शिरला आहे, आणि एका घरातला म्हातारा पहाटे गेला, असे त्याने सांगितले. रोहक हातातले हिरडे तसेच टाकून उठला.

पंधरवड्याच्या आत ताप नदीच्या दोन्ही तीरांना पसरला. राजा परिवारासह डोंगरावरच्या महालात राहायला गेला. त्याचा अमात्य बोधिसत्त्वाकडे आला आणि म्हणाला, "वैद्यराज, महाराजांनी तुम्हांला बोलावले आहे. राहायला घर आहे, दोन गावांचे उत्पन्न तुमच्या नावे होईल."

"डोंगरावर आजारी कोण आहे?" बोधिसत्त्वाने विचारले.

"अजून तरी कोणी नाही."

"मग मी तिथे काय करू?"

"निरोगी माणसांत राहण्याचे तुम्हांला वावडे आहे काय?" अमात्य म्हणाला. पण तो मनाने वाईट नव्हता. जाताना त्याने राजाच्या कोठारातली सुंठ आणि जुना तांदूळ आरोग्यशाळेकडे पाठवून दिला.

दोघा भावांनी नगर वाटून घेतले. वेशीकडचा भाग बोधिसत्त्वाने घेतला, नदीकडचा रोहकाने. पहिले काही दिवस ते दुपारी एकत्र जेवत आणि सकाळी एकमेकांची नाडी पाहत. मग एका सकाळी बोधिसत्त्वाने हात पुढे केला तेव्हा रोहक उंबऱ्याबाहेर पडलाही होता.

"दादा, आज राहू दे," तो वळून म्हणाला. "तिकडे माणसे वाट पाहताहेत, आणि आपण दोघे धडधाकट माणसे एकमेकांचे हात धरून बसायचे?"

बोधिसत्त्वाला ते बरोबर वाटले नाही. पण बाहेर चौदा माणसे बसली होती, त्यांतली दोन कण्हत होती. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानेही हात पुढे केला नाही, आणि रीत मोडली.

कुंभारआळीत रोहकाचे नाव घरोघरी झाले. हा वैद्य झोपत नाही, बसत नाही, पाणीसुद्धा चालता चालता पितो, असे लोक कौतुकाने सांगत. बाया त्याच्या पायांवर डोके ठेवीत. त्याला पेज दिली तर तो ती शेजारच्या रुग्णाला देई, आणि लोकांना ते पाहून भरून येई. त्याचे गाल बसले, डोळे लाल झाले. बोलताना तो मधेच थांबून पुढचा शब्द शोधू लागला.

एकदा तो औषध न्यायला आरोग्यशाळेत आला तेव्हा पाटलेने त्याची वाट अडवली.

"तू देव झालास म्हणे. आळीत ऐकले मी."

"मावशी, वाट सोड."

"देवाला नैवेद्य नुसता दाखवला तरी चालते. तुझे तसे नाही. बस खाली आणि खा."

"संध्याकाळी खातो."

"कोणत्या संध्याकाळी ते तेवढे सांगून जा, म्हणजे त्या दिवशी चूल पेटवीन."

रोहक हसला आणि तिच्या बाजूने निघून गेला. बोधिसत्त्व आतल्या दारात उभा होता. त्याने हे सर्व पाहिले. भावाची पाठ त्याला वाकलेली दिसली. पण त्याच वेळी त्याच्या मनात असेही आले की, याला मी वाढवले, आणि आज नगर याचे नाव घेते आहे. त्या विचारात थोडे सुख होते. म्हणून त्याने हाक मारली नाही.

साथीचा दुसरा महिना चालू होता. एका दुपारी मल्लक नावाचा कुंभार आरोग्यशाळेत आला. तो अबोल, कष्टाळू माणूस होता. त्याच्या हातात पेजेचे भांडे होते आणि भांडे भरलेले होते.

"थोरले वैद्य," तो म्हणाला, "एक विचारायचे होते."

"विचार."

"माझी बायको आजारी आहे. धाकटे वैद्य सकाळपासून दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा म्हणाले, नाडी छान आहे, ठळक आहे, आता भीती नाही. मग ती पेज का पीत नाही?"

बोधिसत्त्व उठला. वाटेत मल्लक सांगत होता की बायकोचे हात गार पडले आहेत, ताप उतरल्यामुळे असावेत. त्याने ते दोनदा सांगितले. बोधिसत्त्व भरभर चालू लागला.

घरात शिरताच त्याला कळले. ती बाई पहाटेच गेली होती. उशाशी काढ्याची वाटी होती, आणि तिच्या ओठांच्या कडेने काढा ओघळून वाळला होता. तो सकाळी येऊन गेलेल्या वैद्याने पाजला होता.

बोधिसत्त्व मल्लकापुढे हात जोडून म्हणाला, "बाबा, ती गेली. पहाटे गेली. आम्हांला कळले नाही."

मल्लकाने हातातले भांडे कुठे ठेवावे हे न सुचून तसेच धरून ठेवले. "पण नाडी ठळक होती ना?" तो म्हणाला.

शेजारच्या ओसरीवर रोहक बसला होता. त्याच्यासमोर एक नऊ-दहा वर्षांची मुलगी बसली होती आणि मोकळ्या हाताने मातीचा बैल पुढेमागे ढकलत होती. तिच्या दुसऱ्या मनगटावर रोहकाची बोटे होती.

"हिला फार ताप आहे," तो तिच्या आईला सांगत होता. "नाडी धावते आहे. आज हिला हलवू नका."

"पण ती तर आता शेजारून पळत आली," आई म्हणाली.

बोधिसत्त्वाने मुलीच्या कपाळाला हात लावला. ते थंड होते. तो भावाशेजारी बसला, त्याची बोटे त्या मनगटावरून उचलली आणि त्याच्याच मनगटावर आपली बोटे ठेवली. नाडी उधळल्यासारखी चालली होती.

"रोहक, मल्लकाची बायको गेली."

"नाही दादा. मी दोनदा पाहिली. चांगली ठळक होती."

"ती नाडी तुझी होती."

रोहक त्याच्याकडे पाहत राहिला. मग त्याने आपल्या बोटांकडे पाहिले. ती थरथरत होती, आणि तेही जणू त्याला आत्ताच दिसले.

"किती दिवस?" त्याने विचारले. "किती दिवस मी माझीच नाडी पाहतो आहे?"



तेवढ्यात केवलनावाडी धावत तिथे आला. नदीच्या मधोमध वेताचे बेट होते. तिथे बुरुडांची सात घरे होती, आणि त्या सातही घरांत ताप शिरला होता. आज येतो, असे रोहकाने त्यांना कबूल केले होते. केवलाची मुलगी त्याच बेटावर दिली होती.

"नाव लागली आहे, धाकटे वैद्य," तो म्हणाला. "वारा पडला आहे. आत्ता निघालो तर लवकर पोचू."

रोहक खांबाला धरून उठला. "चल," तो म्हणाला.

"रोहक, बस," बोधिसत्त्व म्हणाला.

"दादा, मी शब्द दिला आहे. मी थांबलो तर तिथे माणसे मरतील."

"आणि या बोटांनी गेलास तर?"

"नाडी पाहणार नाही. नुसती औषधे देईन. जीभ पाहीन, डोळे पाहीन."

"डोळे तुझे लाल आहेत. हातात वाटी धरवत नाही. कुणाला काय दिलेस ते तुला संध्याकाळी आठवणार नाही."

"मग तू जा."

बोधिसत्त्वाने वेशीकडे पाहिले. आरोग्यशाळेत त्या दिवशी चाळीसवर रुग्ण होते. त्यांतल्या नऊ जणांचा ताप उतरणार की वाढणार हे त्याच दिवशी ठरायचे होते, आणि अशा वेळी वैद्य जवळ नसला तर काय होते हे त्याला माहीत होते. बेटावर जायचे म्हणजे दुसऱ्या सकाळपर्यंत परत येणे नव्हते. त्याने मनातल्या मनात दोन्हीकडची माणसे पुन्हा पुन्हा पाहिली. कोणतीही वाट घेतली तरी कुणीतरी मागे राहत होते.

"केवल," तो शेवटी म्हणाला, "आज वैद्य येणार नाही."

केवलाला आधी ते खरे वाटले नाही. "थोरले वैद्य, लेक आहे हो माझी तिथे."

"माहीत आहे."

"मग असे कसे म्हणता? साऱ्या आळीसाठी हे रात्रंदिवस राबले, आणि नेमका माझ्या लेकीच्या वेळेला यांना थकवा आला?"

"हो," बोधिसत्त्व म्हणाला. "तसेच झाले आहे. तो आज वैद्य उरलेला नाही. त्याला पाठवले तर मी तुला फसवल्यासारखे होईल. औषध देतो. कसे द्यायचे ते सांगतो. ते तू दे."

"मी नावाडी माणूस."

"तेही खरे आहे."

त्याने काड्यांच्या आणि मुळ्यांच्या सात पुड्या बांधल्या. काढा किती आटवायचा, पेज कधी द्यायची, कोणत्या लक्षणाला काय करायचे, हे त्याने केवलाकडून तीनदा म्हणून घेतले. केवल रडत रडत म्हणत होता आणि एकदाही चुकला नाही. मग तो एकटाच नाव घेऊन गेला.

रोहक ओसरीवर बसून होता. "तू मला मोडलेस," तो भावाला म्हणाला.

"मोडलेला तू आधीच होतास. मला ते दिसले होते, आणि मी बोललो नाही. तो दोष माझा आहे," बोधिसत्त्व म्हणाला. "ऊठ. माझ्या खांद्यावर हात टाक."

आरोग्यशाळेत पाटलेने अंथरूण घातले. मुगाची पेज तिने स्वतः भरवली. रोहक भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. तो दोन दिवस झोपला, मधे तापाने बरळला, पुन्हा झोपला.

त्या दोन दिवसांत बोधिसत्त्वाने नवी घडी बसवली. दुपारच्या एका प्रहरात आरोग्यशाळेचे दार बंद राहील, आणि त्या वेळात वैद्याने जेवून झोपायचे, असे त्याने ठरवले. लोकांना ते आवडले नाही. पहिल्या दुपारी एक माणूस दारावर थापा मारीत ओरडला, "इथे माणसे मरताहेत आणि वैद्य घोरतो आहे!" बोधिसत्त्व आत जागाच होता. ते शब्द त्याला लागले. पण तो उठला नाही. दार पाटलेने उघडले. तिने त्या माणसाच्या रुग्णाला सावलीत घेतले, पाणी पाजले, आणि म्हणाली, "घोरू दे बाबा त्याला. जागा झाला की तुझ्याच माणसाला पहिला पाहील."

बोधिसत्त्वाने चार माणसांना पेज, काढा आणि अंग पुसणे शिकवायला घेतले. त्यांतला पहिला मल्लक होता. बायकोला अग्नी देऊन तो परत आला होता आणि कुणी न सांगता पाणी भरू लागला होता. "घरी चाकाजवळ बसवत नाही," एवढेच तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी रोहक उठून बसला. बोधिसत्त्वाने त्याचे मनगट धरले आणि मग आपले त्याच्यापुढे केले. रोहकाने बोटे ठेवली आणि डोळे मिटले.

"तुझी मंद आहे, दादा," तो म्हणाला. "तूही दमला आहेस."

"मग आज वेशीकडचे निम्मे तू पाहा आणि निम्मे उद्यावर जातील."

"उद्यावर?"

"हो. उद्यावर."

त्याच दिवशी केवल परत आला. त्याने नाव बांधली आणि तो सरळ आरोग्यशाळेत आला. पाच घरांतली माणसे सावरली होती. दोन घरांत माणसे गेली होती. त्यांत त्याची मुलगी होती. त्याने ते उभ्या उभ्याच सांगितले, उरलेल्या पुड्या ओट्यावर ठेवल्या आणि तो निघून गेला.

रोहकाने त्या पुड्या मोजल्या. मग म्हणाला, "मी गेलो असतो तर?"

"कदाचित ती वाचली असती," बोधिसत्त्व म्हणाला. "कदाचित तिचीही नाडी तुला ठळक लागली असती. मला माहीत नाही, आणि ते आता कधी कळायचे नाही. पण तुला जाऊ दिले नाही ते मी. ते माझ्याकडे राहू दे. तू ते उचलायचे नाहीस."

संध्याकाळी, दिवस मावळण्याआधी, तो स्वतः केवलाच्या घरी गेला. केवलाने दार उघडले, पण आत ये म्हटले नाही. बोधिसत्त्व अंगणातच बसला.  अंधार पडू लागला तसा तो उठून परत आला. दुसऱ्या दिवशीही तो तसाच जाऊन बसला, आणि साथ संपेपर्यंत जात राहिला.

साथ आणखी दोन महिने चालली. रोहक रोज कुंभारआळीत जाई आणि दुपारी परत येई. काही घरे त्याच्यावाचून राहत, आणि ती कोणती हे त्याला ठाऊक असे. आता कुणी त्याच्या पायांवर डोके ठेवीत नव्हते. पुढे तो म्हातारा होईपर्यंत वैद्यकी करीत राहिला. त्याच्या हातून किती माणसे उठून बसली, याची गणती कोणी ठेवली नाही.

ही हकिकत सांगून शास्ते थांबले. मग त्यांनी त्या वेळचे कोण आता कोण आहे, ते उलगडून सांगितले. "त्या वेळी अमात्य होता तो आता आपल्या विहाराला तांदूळ देणारा उपासक आहे. पाटला म्हणजे भिक्षुणीसंघातली थेरी सामा. केवल म्हणजे, कप्पका, तूच. मल्लक कुंभार म्हणजे आज बातमी घेऊन आलेला सुदंत. रोहक उत्तिय होता. आणि थोरला वैद्य मीच होतो."

कप्पकाने मान खाली घातली. तो म्हणाला, "भंते, मग मी तिकडे जाऊ नये काय?"

"जा," शास्ते म्हणाले. "तिथे अजून आजारी माणसे आहेत. पण एकटा जाऊ नकोस, तिघे जा. पाळी लावा, आणि ज्याची पाळी संपेल त्याला उठवा. तो उठत नसेल तर हाताला धरून उठवा. या कथेतल्या गुणाचे नाव मात्रज्ञता. अन्नात, श्रमात आणि करुणेतही आपले माप ओळखणे, आणि ज्याला स्वतःचे ओळखता येत नाही त्याचे त्याच्या वतीने ओळखणे, ही मात्रज्ञता होय."

सुदंताने तेव्हा आपल्या पायांवरचा वाळलेला चिखल काढायला सुरुवात केली होती. त्याचे हात थांबले.

उत्तियाला हाताला धरून उठवायला या वेळी कोणी पुढे झाले नव्हते.